गादीच्या दुकानाकडे वळवलेला फोन

मी हे लिहावं की नाही, याची मला अजूनही खात्री नाही. आमच्या घरात पुस्तक लिहिणारा सोडाच, पुस्तक विकत घेणाराही कुणी झाला नाही. कॉलेजात जाणारा मी पहिला. आठवणी म्हणून काही सांगावं एवढं माझं वय नाही आणि तेवढा अधिकारही नाही. वाचणाऱ्यांनी माफ करावं. पण गेल्या हिवाळ्यात आमच्या फाट्यावर जे झालं, ते मी रोज सकाळी डोळ्यांनी पाहत होतो आणि माझ्या हातातल्या फोनमुळे ते दूरदूरची माणसंही पाहत होती. ते मला नीट सांगता येतं का, एवढंच बघायचं आहे.

आमच्या सरांनी एकदा वर्गात सांगितलं होतं, की पूर्वी छापणारा छापायचा, बोलणारा बोलायचा आणि बाकीचे नुसते वाचायचे, ऐकायचे. आता तसं राहिलेलं नाही. आता प्रेक्षकही त्यात उतरला आहे. कशात उतरला आहे, हे विचारायचा मला धीर झाला नाही. माझ्या डोळ्यांसमोर नाल्याच्या डोहात सावकाश उतरणारी म्हैस आली, आणि तास संपेपर्यंत ती तिथंच होती.

आमचं गाव वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात, किन्हीराजाच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून आत. मालेगावच्या कॉलेजसाठी बस धरायला फाट्यावर यावं लागतं. फाट्यावर एक मोठा लिंब, त्याच्याखाली मावशींची चहाची टपरी, आणि रस्त्याच्या पलीकडे टिनाची दोन दुकानं. एक पंक्चरचं आणि एक गादीचं. थंडी पडली की सकाळी धुई उतरते, दाट धुकं. तुरीला फुलं असतात, धुई फुलांना चांगली नाही म्हणून बाबा कुरकुर करतात. मला मात्र ती आवडते, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

अशाच एका सकाळी मी बसची वाट पाहत उभा होतो. रस्ता दिसत नव्हता, शेतं दिसत नव्हती, लिंबाचा फक्त बुंधा दिसत होता आणि मावशींच्या शेगडीचा निळा जाळ. मी फोन वर धरला आणि लाइव्ह सुरू केलं. का केलं, ते सांगता येणार नाही. दाखवण्यासारखं काही नव्हतंच. पुण्याकडे कंपनीत कामाला असलेल्या आमच्या गावच्या एकानं ते पाहिलं आणि खाली लिहिलं, "उद्या पण दाखव."

दुसऱ्या दिवशी मी दाखवलं, आणि थोडं बोललोही. नमस्कार मित्रांनो, वगैरे. तेव्हा कुणीतरी लिहिलं, "तू बोलू नको बाप्पा, फक्त दाखव." मला वाईट वाटलं, पण त्या दिवसापासून मी गप्प राहू लागलो. मी गप्प झालो आणि ते बोलू लागले. सुरतेला असलेले, नाशिकला असलेले, आखातात गाड्या चालवणारे, लग्न होऊन लांब गेलेल्या बहिणी. कामावर जायच्या आधी, डबा भरता भरता, ते आमचा फाटा बघायचे. जरा वर धर. शेगडीचा आवाज येऊ दे. लिंबाची पानं औंदा कमी दिसतात. एक ताई खानदेशात दिलेली आहे. तिनं विचारलं, आमच्या शेताच्या धुऱ्यावरची बोर दिसते काय. मी रस्त्यानं थोडा पुढं गेलो, तारेच्या कुंपणापाशी उभा राहिलो आणि फोन वर केला. धुईत बोरीचं झाड होतं की नव्हतं, असं दिसत होतं.  तिनं नुसते जोडलेले हात पाठवले.

मला कधी कधी वाटायचं की ही सगळी माणसं माझ्या पाठीमागे धुईत उभी आहेत, शाली गुंडाळून, आणि माझ्या खांद्यावरून पाहत आहेत. वळून पाहिलं तर कुणी नसायचं. पण फोन खिशात टाकून बसमध्ये चढताना, त्यांना तिथंच सोडून चाललो आहे असं वाटायचं.

बाबांना हे समजत नव्हतं. ते मला म्हणाले, "काय दाखवून राह्यला रे तू लोकायले? रस्ता पाहून पोट भरते का त्यायचं?" मी म्हणालो, ते घर पाहतात बाबा. ते म्हणाले, घर पाहायचं तर घरी यावं. मग बैल सोडायला निघून गेले.

आता चहाची गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आमच्याकडे टपरीवर चहा 'सांगतात'. आपण बसलेलो असतो आणि ओळखीचा कुणी येता येता मावशींना बोट दाखवतो, की यांना एक. चहा हातात आला की घेणारा विचारतो, "कोनं सांगतला?" मग ज्यानं सांगितला त्याच्याकडे पाहून ग्लास जरासा वर करायचा, आणि मगच घोट घ्यायचा. कुणी सांगितला ते कळल्याशिवाय आमच्याकडे चहा पीत नाहीत. आणि कळल्यावर परत करणं म्हणजे त्या माणसाशी संबंध संपवणं.

लाइव्ह पाहणाऱ्यांनी हेही सुरू केलं. मावशींच्या टपरीवर पैसे टाकायचा चौकोन चिकटवलेला आहे आणि पैसे आले की बोलणारा डबा आहे. तो डबा सकाळी सकाळी आपोआप बोलू लागला. मी वाचून दाखवायचो, की लिंबाखालच्या बुढ्या बाबांना नाशिकवरून एक चहा. ते बुढे बाबा विचारायचे, कोनं सांगतला. मी फोन दाखवायचो. ते फोनकडे पाहून ग्लास वर करायचे. एकदा त्यांनी ग्लासावर फुंकर मारली, तो फोनच्या अगदी जवळ आणला आणि म्हणाले, "घे, आधी तू घे. तिकडं थंडी असन." मावशी हसता हसता पाठमोऱ्या झाल्या. फोनची काच वाफेनं भरली आणि पाहणाऱ्यांना थोडा वेळ नुसतं पांढरं दिसलं.

या सगळ्यात एक जण असा होता, जो रोज यायचा पण काही लिहायचा नाही. त्यानं नाव म्हणून नुसती अक्षरं ठेवली होती आणि फोटोच्या जागी फुटलेलं कापसाचं बोंड. लाइव्ह सुरू झालं की तो सगळ्यांत आधी यायचा आणि शेवटपर्यंत राहायचा. एके दिवशी त्यानं लिहिलं, "थोडं डाव्या बाजूले."

डाव्या बाजूला गादीचं दुकान होतं. मी फोन तिकडे वळवला. दुकानात गाद्या भरणारे चाचा बसलेले होते. लाईन आली होती, त्यामुळे रुई पिंजायची मशीन चालू होती. त्यांच्या दाढीवर, टोपीवर, पापण्यांवर कापसाचे तंतू बसले होते. तेवढ्यात धुईतून ऊन फुटलं आणि हवेतला सगळा कापूस उजळला. दुकानाच्या आत बारीक बर्फ पडत असावं तसं ते दिसलं, अर्थात बर्फ मी कधी पाहिलेलं नाही. बस येईपर्यंत मी फोन हलवला नाही. 

दुसऱ्या दिवशी त्यानं न सांगताच मी डावीकडे वळलो. मावशींच्या ते लक्षात आलं. त्यांनी मला जवळ बोलावून हळूच सांगितलं की तो चाचांचा मुलगा असेल, दुसरा कोण असणार.

त्याला मी लहानपणापासून पाहिलेलं होतं. माझ्यापेक्षा पुष्कळ मोठा. गाद्यांवर रुई पसरून काठीनं झोडपायचा तेव्हा त्या आवाजाला ताल असायचा, आम्ही शाळेत जाताना त्या तालावर पाय टाकायचो. मग तो आखातात गाडी चालवायला गेला. तो तिकडे असताना त्याची आई, आमच्या चाची, वारल्या. मालकानं सुटी दिली नाही, त्याला येता आलं नाही. कबरस्तानात त्याच्या एका मित्रानं फोन धरला, म्हणजे त्याला तिकडून निदान पाहता येईल. चाचांनी तो फोन हातानं खाली केला. गावातल्या सगळ्यांनी ते ऐकलं होतं, कारण चाचा तेवढंच बोलले होते. "मय्यत हाये, तमाशा नाई. त्यानं येऊन मूठभर माती टाकायची होती."

त्यानंतर त्यांनी मुलाचा फोन घेतला नाही. मुलगा दुसऱ्यांच्या फोनवरून करायचा, आवाज ऐकताच चाचा तो परत देऊन टाकायचे. म्हणजे मी रोज ज्याला हे दुकान दाखवत होतो, त्याला त्याच्या बापानं स्वतःच्या डोळ्यांसमोरून दूर केलेलं होतं. आणि चाचांना यातलं काही माहीत नव्हतं. मला हे बरोबर वाटत नव्हतं. चुकीचं आहे असंही वाटत नव्हतं. रोज बसमध्ये मी त्याचा विचार करायचो आणि मालेगाव यायचं.

इतर पाहणाऱ्यांनाही कळलंच. आमच्या गावचेच होते सगळे, बोंडाचा फोटो त्यांना ओळखू आला. ते त्याला धीर देऊ लागले, सल्ले देऊ लागले. कुणी म्हणालं, एकदा चहा सांगून पाहा. तसं त्यानं एका सकाळी पैसे टाकले आणि लिहिलं, "अब्बाले एक चा."

मावशींनी ते माझ्याकडून दोनदा ऐकून घेतलं. मग वेलची जास्त टाकून चहा केला आणि स्वतः रस्ता ओलांडून नेऊन दिला. मी फोन धरून त्यांच्या मागे गेलो. चाचांनी मशीन बंद केली, हात झटकले, ग्लास घेतला आणि विचारलं, "कोनं सांगतला?"

 मावशींना खोटं सांगता आलं असतं, पंक्चरवाल्यानं सांगितला म्हणून. पण चहाच्या बाबतीत आमच्याकडे खोटं सांगत नाहीत. त्या म्हणाल्या, "तुमच्या पोरानं, चाचा."

चाचांनी ग्लासाकडे पाहिलं. माझ्या फोनकडे पाहिलं. ग्लास वर केला नाही आणि परतही दिला नाही. बाजूच्या फळीवर ठेवला आणि मशीन सुरू केली. चहावर साय धरली, सायीवर कापूस बसला. 

पुढचे काही दिवस तसंच झालं. चहा यायचा, फळीवर राहायचा. आम्हाला वाटत होतं की परत करत नाहीत, म्हणजे काहीतरी आहे. पण मग कुणीतरी त्या पहिल्या दिवसाचा तुकडा कापला, त्याला रडकं संगीत लावलं आणि सगळीकडे पाठवला. आमचा फाटा, चाचा, ग्लास, सगळं गावाबाहेर गेलं. ज्यांनी आमचा रस्ता कधी पाहिला नाही ते लिहू लागले, की असा कसा बाप, दगड आहे. कुणी मुलालाही शिव्या दिल्या. मी ते सगळं वाचत होतो. सर म्हणाले होते की प्रेक्षक उतरला आहे. आता तो चपला घालूनच आत आला होता.

जवळच्या शिरपूरचं एक गिऱ्हाईक जुनी रजई पिंजून घ्यायला आलं होतं. त्यानं चाचांना फोन काढून दाखवला आणि विचारलं, हे तुमीच काय? चाचांनी तो तुकडा पूर्ण पाहिला म्हणतात. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या तोंडाला जुन्या खोळीचं लाल कापड टांगलेलं होतं. मागून मशीनचा आवाज येत होता.

मी लाइव्ह बंद केलं. बसची वाट पाहताना हात रिकामे वाटायचे. लोक विचारत राहिले. तेव्हा बोंडाच्या फोटोवाल्यानं मला पहिल्यांदा वेगळा निरोप पाठवला. "भाऊ, बंद नको करू. पडदा दाखव. मागं मशीन चालते ते ऐकू येते."

मी बराच वेळ ते वाचत राहिलो. या वेळी विचारल्याशिवाय करायचं नाही, असं ठरवलं. रस्ता ओलांडून दुकानापाशी गेलो आणि पडद्याच्या अलीकडूनच हाक मारली. चाचांनी कापड बाजूला केलं. मी म्हणालो, चाचा, मी पुन्हा दाखवू का? दुकान नाही, नुसता पडदा. चिडतील असं वाटलं होतं. ते चिडले नाहीत.

"पडद्यात काय पाह्यते तो?"

"मशीन ऐकतो म्हणे."

चाचांनी मशीनकडे पाहिलं. तिचा पट्टा जुना झाला आहे, फिरताना एक ठोका चुकतो, आम्हा सगळ्यांना तो आवाज पाठ आहे. ते एवढंच म्हणाले, "जे तुकडे करून पाठवतीन, त्यायले येऊ देऊ नको." आणि कापड सोडून दिलं.

मग मी अनोळखी लोकांना काढून टाकलं, फक्त गावचे ठेवले, आणि पुन्हा फोन वर धरला. लाल पडदा. त्यावर लिंबाची हलणारी सावली. मागून मशीन, आणि मशीन थांबली की काठीचे ठोके. धुई असली की पडद्याचा रंग फिका व्हायचा, ऊन आलं की मागच्या हलणाऱ्या हातांची सावली उमटायची. सगळी माणसं, कुठं कुठं विखुरलेली, आपापल्या खोल्यांत उभी राहून एक पडदा पाहत होती. कुणी काही सांगत नव्हतं, इकडे धर, तिकडे धर. मी सांगतो ते खरं वाटणार नाही, पण त्या सकाळी मला झोपेतल्यासारख्या आठवतात. बस यायची आणि मला उशिरा ऐकू यायची.

एके सकाळी पडदा बाजूला बांधलेला होता. चाचा नव्या रजईला टाके घालत बसले होते, तोंड रस्त्याकडे करून. मी फोन खाली घेतला. त्यांनी हातानंच सांगितलं की राहू दे, आणि जवळ बोलावलं. फोनकडे न पाहता, सुईकडे पाहत त्यांनी मला विचारलं, "तिकडं थंडी पडते काय?"

मला माहीत नव्हतं. मी फोनला विचारलं, चाचा विचारतात, तिकडे थंडी पडते का.  तिकडचे दुसरेही होते, त्यांना माहीत होतं, पण ते त्याच्यासाठी थांबले. मग उत्तर आलं आणि मी ते वाचून दाखवलं.

"पहाटे पडते, अब्बा. वाळू थंड होते."

चाचांनी दोरा दातानं तोडला. दुसरा ओवायला त्यांना वेळ लागला, मी ओवून देऊ का म्हणालो तर नको म्हणाले. मग म्हणाले, "त्याले म्हणा, रजई भरून ठेवली. मी पाठवत नसतो. येऊन घेऊन जाय म्हणा." टाक्याला गाठ मारून पुन्हा म्हणाले, "आधी मातीकडं जायाचं, मंग रजई."

मी शब्द न बदलता सांगितलं. खाली हळूहळू जोडलेले हात येऊ लागले, एकामागून एक, किती तरी. त्यात त्याचं काही नव्हतं.

त्या दिवसानंतर तो आलाच नाही. बोंडाचा फोटो दिसेना. मी निरोप पाठवला तो तसाच पडून राहिला. काही जण म्हणाले, मालक सुटी देत नसेल, कोणत्या तोंडानं येईल. काही म्हणाले, घाबरला. चाचा रोज रजई उन्हात टाकायचे आणि उतरत्या उन्हात घडी करून ठेवायचे, आणि मला काही विचारायचे नाहीत. मी रोज फोन धरताना पहिल्यांदा तोच आला का ते बघायचो. हरभरा घाट्यांवर आला. धुई कमी झाली.

मग माझी परीक्षा आली. केंद्र वाशिमला होतं, म्हणून मी तिथं एका मित्राच्या खोलीवर राहायला गेलो. लाइव्ह बंद राहिलं. गावचा ग्रुप मी रोज पाहत होतो, त्यात लग्नाच्या पत्रिका होत्या, हरभऱ्याचे भाव होते, फाट्याबद्दल काही नव्हतं. शेवटचा पेपर देऊन बाहेर आलो तेव्हा बाबांचा फोन आला. ते सहसा जेवला का एवढंच विचारतात. त्या दिवशी विचारलं नाही.

"चाचाचा पोरगा आला," ते म्हणाले.

मी विचारलं, कधी. परवा, ते म्हणाले. मी म्हणालो, ग्रुपवर तर काहीच नाही, कुणी फोटोही टाकला नाही. बाबा म्हणाले, टपरीवर पुष्कळ लोक होते, मीही होतो, पण कुणी फोन काढला नाही. मग त्यांनी जे पाहिलं ते सांगितलं, त्यांच्या पद्धतीनं, मध्ये मध्ये थांबत. तो बसमधून उतरला. चाचा दुकानातून बाहेर आले. दोघं रस्त्याच्या दोन बाजूंना उभे राहिले, मधून एक ट्रॅक्टर गेला. मग चाचांनी रस्ता ओलांडला, त्याच्या हातातली बॅग घेतली आणि मावशींच्या बाकड्यावर ठेवली.

"बोलले काय?" मी विचारलं.

"नाई," बाबा म्हणाले. "बाप-लेक कबरस्तानाकडं चालत गेले."